गहू सोडून ११ वर्षे झाली, जुलाब नाहीत, टीटीजी सामान्य, तरीही आतड्याचा लिम्फोमा: असे कसे होते?

माळवकन्या (इंदूर)

नमस्कार. प्रश्न माझ्या वडिलांच्या आजाराचा आहे आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडे लांबण लावते आहे. बाबा ६४ वर्षांचे आहेत. आमच्या घराण्याच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या, त्यामुळे घरात बोली मराठी असली तरी ताटात दोन्ही वेळा गव्हाची पोळीच असे. ११ वर्षांपूर्वी बाबांचे हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरले. लोहाच्या गोळ्या, जंतांचे औषध, मूळव्याधीची तपासणी हे सर्व होऊन गेल्यावर एका डॉक्टरांनी टीटीजी प्रतिपिंडांची चाचणी करवली. ती फार वाढलेली निघाली आणि ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायोप्सीत आतड्याचे रसांकुर झिजून सपाट झालेले दिसले, तेव्हा सिलिॲक रोगाचे (ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे) निदान झाले. त्या दिवशी बाबांनी गहू सोडला तो सोडलाच. लग्नकार्यातही ते घरून डबा नेत. टीटीजी दीड वर्षात सामान्य झाली, पुढे दरवर्षी सामान्यच येत राहिली, आणि त्यामुळे पुन्हा एंडोस्कोपी करावी असे कोणालाच वाटले नाही.

गेल्या ७-८ महिन्यांपासून त्यांना संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. पायांवर सूज आली, वजन ६ किलोंनी घटले, अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) २.४ निघाले. जुलाब मात्र एकदाही झाले नाहीत. उलट बद्धकोष्ठाचीच तक्रार होती. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याची एक जागा जाड झालेली दिसली आणि आतड्याच्या आवरणातील काही लसिकाग्रंथी मोठ्या, मधोमध द्रव भरल्यासारख्या दिसल्या. क्षयरोग गृहीत धरून एकेटी (क्षयाची औषधे) सुरू झाली, सोबत काही दिवस स्टेरॉइडही होते. तीन आठवडे ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. मग एका पहाटे त्यांचे पोट लाकडासारखे कडक झाले. जेजुनमला (लहान आतड्याच्या मधल्या भागाला) छिद्र पडले होते. तातडीने शस्त्रक्रिया करून २२ सेंटिमीटर आतडे काढावे लागले. पहिल्या अहवालात 'अविशिष्ट व्रण, क्षय नाकारता येत नाही' असे लिहिले होते. स्लाइड दुसरीकडे दाखवल्या तेव्हा एन्टरोपॅथी-असोसिएटेड टी-सेल लिम्फोमा (टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) असा अहवाल आला; पेशींवरील चिन्हके अशी: सीडी३ आणि सीडी३० पॉझिटिव्ह; सीडी४, सीडी५, सीडी८ व सीडी५६ निगेटिव्ह.

पथ्य इतके कडक असताना आणि टीटीजी सामान्य असताना हे झाले कसे, हे मला समजून घ्यायचे आहे. जुलाबांशिवाय हा रोग आणखी कोणत्या रूपांत दिसतो? आणि पुण्यात असलेल्या माझ्या भावाने आता काय करावे?

सूक्ष्मदर्शक (पुणे)

आपल्या वडिलांची हकीकत वाचून वाईट वाटले. मी विकृतिशास्त्र विभागात आयुष्य घालवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उपचारांपेक्षा काचपट्टीवर काय दिसते याविषयी अधिक अधिकाराने बोलू शकेन.

जुलाब परत येणे, वजन उतरणे आणि पोट दुखणे हे या लिम्फोमाचे पुस्तकी रूप होय. प्रत्यक्षात ज्यांचे निदान शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते असे रुग्ण इतके असतात की, आतड्याला छिद्र पडणे किंवा आतडे अडणे याला असामान्य म्हणावे की केवळ अनपेक्षित, असा मला नेहमी प्रश्न पडे. हा रोग बहुधा जेजुनममध्ये होतो. तो मोठा गोळा होऊन वाढण्याऐवजी पुष्कळदा व्रणांच्या आणि आकुंचनांच्या रूपात, एकाच वेळी अनेक ठिकाणी, आतड्याच्या भिंतीत आरपार शिरत जातो. नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमपाशी थांबते, कोलोनोस्कोपी शेषांत्राच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) टोकापाशी थांबते, आणि मधल्या कित्येक फूट आतड्यात जे चालले असते ते दोन्हींपासून लपलेले राहते. जुलाब होण्यास आतड्याचा बराच मोठा पृष्ठभाग निकामी व्हावा लागतो. एखाद्या टप्प्यातील व्रणाने तो होत नाही, आणि तेथे आकुंचन असेल तर आपल्या वडिलांप्रमाणे बद्धकोष्ठच होते. व्रणांतून प्रथिने झिरपत राहतात, म्हणून जुलाबांचा मागमूस नसतानाही अल्ब्युमिन घसरते आणि पाय सुजतात.

आता टीटीजीविषयी. ही प्रतिपिंडे ग्लुटेनने चेतवल्यामुळे तयार होतात आणि ग्लुटेन थांबले की हळूहळू ओसरतात. म्हणजे ही चाचणी मुख्यतः पथ्याची साक्ष देते, आतडे भरून आल्याची नव्हे. लिम्फोमा ज्या पेशींपासून होतो त्या निराळ्या आहेत. आतड्याच्या अस्तरपेशींच्या मधोमध टी-लिम्फोसाइट बसलेले असतात; निरोगी माणसात शंभर अस्तरपेशींमागे ते पंचविसांहून कमी असतात, सिलिॲक रोगात त्यांची गर्दी होते. दुखावलेल्या अस्तरातून इंटरल्युकिन-१५ नावाचा संदेश सतत स्रवतो आणि तो या पेशींना मरू देत नाही. वर्षानुवर्षे असे चालल्यावर त्यांच्यातील एखाद्या पेशीत जेएके१ किंवा स्टॅट३ या जनुकांत बदल घडला, तर ती त्या संदेशाला प्रमाणाबाहेर प्रतिसाद देऊ लागते आणि तिची संतती वाढत जाते. त्यानंतर तिला गव्हाची गरज उरत नाही. बाबांनी पथ्य पाळले त्याआधी ५३ वर्षे गहू पोटात गेलेला होता, हेही लक्षात घ्या. त्या पेशीची सुरुवात केव्हा झाली असेल हे कोण सांगणार?

पथ्य व्यर्थ गेले, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. १९८९ मध्ये इंग्लंडमधील होम्स आणि सहकाऱ्यांनी २१० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पाच वर्षे किंवा अधिक काळ कडक पथ्य पाळणाऱ्यांत कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांहून वाढलेला आढळला नाही. २०१३ मध्ये लेबवोल आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधील ७,६२५ सिलिॲक रुग्णांच्या दुसऱ्या बायोप्सीचा हिशेब मांडला. त्यांतील ४३ टक्क्यांचे रसांकुर अजून झिजलेलेच होते. त्या गटात लिम्फोमाचे वार्षिक प्रमाण लाखामागे सुमारे १०२ होते, तर ज्यांचे आतडे भरून आले होते त्यांच्यात सुमारे ३१ होते. पन्नाशीच्या पुढे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची दुसरी बायोप्सी झाली पाहिजे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

पहिल्या अहवालावर आपण रागावला असाल तर तो राग समजू शकतो, पण या रोगाने याहून मोठ्यांना चकवले आहे. फेअरली आणि मॅकी यांनी १९३७ मध्ये चरबीयुक्त शौच आणि लिम्फोमा यांची सांगड प्रथम ठळकपणे मांडली, तेव्हा समज असा होता की, आधी लिम्फोमा होतो आणि त्यामुळे चरबी शोषली जात नाही. १९६२ मध्ये ब्रिस्टलच्या गॉफ, रीड आणि नेश यांनी क्रम उलटा आहे असे दाखवले. पुढे १९७८ मध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी या गाठीला हिस्टिओसाइट (ऊतकातील भक्षक) पेशींचा कर्करोग ठरवले, आणि १९८५ मध्ये आयझॅकसन यांच्याच गटाने, जनुकांची तपासणी करून, ती टी-पेशींची असल्याचे दाखवून स्वतःचे आधीचे मत दुरुस्त केले. असे का झाले असेल, ते एकदा या व्रणाची काचपट्टी पाहिली की कळते. हिस्टिओसाइट आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) यांची इतकी दाटी असते की, मूळ कर्कपेशी तिच्यात हरवून जातात. व्रणाच्या पृष्ठभागावरचाच तुकडा घेतला असेल तर नुसता दाह दिसतो. आपल्याकडे हिस्टिओसाइटचे पुंजके दिसले की हात आपोआप 'क्षय' लिहू लागतो.

सीटीत दिसलेल्या द्रवाने भरलेल्या लसिकाग्रंथींचेही तसेच आहे. क्षयात ग्रंथी मधून कुजतात आणि स्कॅनमध्ये अशाच दिसतात. पण सिलिॲक रोगात, विरळा का होईना, आतड्याच्या आवरणातील ग्रंथी पोकळ होऊन त्यांत दुधासारखा द्रव साठतो, आणि त्यासोबत पाणथरी (प्लीहा) आक्रसते. ही स्थिती स्वतः लिम्फोमा नसली तरी लिम्फोमासोबत आढळू शकते. वडिलांच्या रक्ताच्या काचपट्टीवर हॉवेल-जॉली कण दिसले होते का, हे जुन्या अहवालांत पाहावे. पाणथरी निकामी झाल्याची ती खूण असते.

आपण इतर रूपे विचारली आहेत. काहींत केवळ कारण न सापडणारा ताप असतो, काहींत लोह देऊनही न सुधारणारा पंडुरोग, काहींच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतात, तर क्वचित आतड्याआधी त्वचेवर गाठी किंवा चट्टे दिसतात, कारण अस्तरातल्या या बदललेल्या पेशी त्वचा, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. जठरात किंवा मोठ्या आतड्यात सुरुवात होणेही नोंदलेले आहे. आणि पुष्कळ रुग्णांना आपल्याला सिलिॲक आहे हेच मुळी लिम्फोमाच्या शस्त्रक्रियेनंतर कळते. काढलेल्या आतड्याच्या निरोगी दिसणाऱ्या कडेला रसांकुर सपाट सापडतात. त्यांच्या बाबतीत 'जुलाब का झाले नाहीत' हा प्रश्न आधीच्या चाळीस वर्षांसाठीही विचारता येतो.

शेवटी चिन्हकांविषयी एक गोष्ट. आशियात आतड्याचा एक दुसरा टी-पेशी लिम्फोमा तुलनेने अधिक आढळतो. त्यातील पेशी मध्यम व एकसारख्या आकाराच्या असून सीडी८ आणि सीडी५६ बहुधा पॉझिटिव्ह असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात त्याला याच रोगाचा दुसरा प्रकार मानले होते. नंतरच्या आवृत्तीत तो वेगळा काढला गेला, कारण त्याचा सिलिॲकशी संबंध नाही. आपल्या वडिलांचा अहवाल त्या प्रकारात बसत नाही. सिलिॲकशी निगडित असलेल्या प्रकाराशीच जुळतो.

खाजणकाठ (मडगाव)

मी डॉक्टर नाही. माझ्या सासूबाईंच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेखाली पाण्याच्या बारीक फोडांची भयंकर खाज अनेक वर्षे होती. इसब म्हणून मलमे झाली. मग एका त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस सांगून डॅप्सोन दिले आणि खाज चार दिवसांत थांबली. ही सिलिॲकचीच त्वचेवरची बाजू आहे, गहूही बंद करावा लागतो, असे त्यांनी सांगितले होते, परंतु गोळीने इतका आराम पडला की पाव सोडण्याचे कारणच कोणाला दिसेना. आणि गोव्यात पाव सोडणे म्हणजे काय, ते येथे राहणाऱ्याला ठाऊक. त्यांचे पोट कधीच बिघडले नाही. पुढे पोटात हाताला गाठ लागली. लहान आतड्याचा लिम्फोमाच निघाला, पण बी-पेशींचा. रिटुक्सिमॅबसह केमोथेरपीची सहा आवर्तने झाली. त्याला आता चार वर्षे झाली आणि त्या व्यवस्थित आहेत. येथे लिहिण्याचा हेतू इतकाच की, सिलिॲक असलेल्या माणसाच्या आतड्यातला प्रत्येक लिम्फोमा त्या वाईट प्रकारचा नसतो. डॅप्सोन फोड दाबते, आतडे बरे करत नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले.

पोटविकार_दिल्लीकर (दिल्ली)

मी मूळ नागपूरचा, गेली १८ वर्षे दिल्लीत जठरांत्ररोगांची प्रॅक्टिस करतो. सूक्ष्मदर्शक सरांनी लिहिलेले विवेचन उत्तम आहे, परंतु हा धागा वाचून सिलिॲक असलेला प्रत्येक मराठी वाचक आज रात्री झोपणार नाही, म्हणून तराजूचे दुसरे पारडे मांडतो. त्यांनी दिलेलेच आकडे पाहा: ज्यांचे आतडे भरून आलेले नाही त्या गटातही वर्षाला लाखात सुमारे १०२ जणांना, म्हणजे हजारात एकाला लिम्फोमा होतो, आणि त्यांत सर्व प्रकारचे लिम्फोमा आले. दिल्ली परिसरातील २०११ च्या लोकसंख्याधारित पाहणीत सिलिॲकचे प्रमाण दर ९६ जणांमागे एक निघाले होते. इतके रुग्ण असूनही हा टी-पेशी लिम्फोमा माझ्या संपूर्ण प्रॅक्टिसमध्ये मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला आहे.

पथ्यावर असलेल्या माणसाची तक्रार परत आली तर पहिले कारण बहुतेक वेळा नकळत पोटात गेलेले ग्लुटेन हेच असते. महाराष्ट्रात हा प्रश्न फसवा आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ घरात आधीच असतात, म्हणून पथ्य सोपे वाटते. पण ज्वारी ज्या गिरणीत दळली तिथे तिच्या आधी गहू दळलेला असतो. बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते, आणि फोडणीत हिंग नाही असे मराठी घर मी पाहिलेले नाही. माझ्या एका रुग्णाचे वर्षभराचे कोडे शेवटी हिंगाच्या डबीत सुटले. त्याखालोखाल दुधातील साखर न पचणे, लहान आतड्यात जंतूंची वाढ, स्वादुपिंडाची कमतरता, मायक्रोस्कोपिक कोलायटिस ही कारणे येतात.

मात्र ताप, रात्रीचा घाम, घसरणारे अल्ब्युमिन, रक्तात वाढलेले एलडीएच (पेशी नष्ट होताना वाढणारे विकर), रक्तस्राव किंवा आतडे अडल्याची लक्षणे यांतील काहीही असेल, तर हिंगाची डबी शोधत बसू नये. येथे मी सरांशी पूर्ण सहमत आहे. अशा वेळी पुन्हा एंडोस्कोपी करून ड्युओडेनममधून अनेक तुकडे घ्यावे लागतात आणि ते केवळ रंगवून पाहणे पुरेसे नसते. अस्तरातील लिम्फोसाइटची फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील चिन्हकांची यंत्राने मोजणी) करतात. ज्यांच्या पृष्ठभागावरून सीडी३ नाहीसे झाले आहे पण आत ते शिल्लक आहे अशा पेशी २० टक्क्यांहून अधिक निघाल्या, तर तो रिफ्रॅक्टरी सिलिॲकचा दुसरा प्रकार ठरतो. वर्षभर कडक पथ्य पाळूनही लक्षणे आणि रसांकुरांची झीज कायम राहिली, तर त्याला रिफ्रॅक्टरी म्हणतात. त्याच्या पहिल्या प्रकारात पेशी सामान्य असतात, ब्युडेसोनाइडसारख्या औषधाने बहुतेक रुग्ण सावरतात आणि पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक हयात असतात. दुसऱ्या प्रकारातील सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना चार ते सहा वर्षांत लिम्फोमा होतो. दोन्हींना एकाच नावाने ओळखतात हे मला नेहमी दुर्दैवी वाटते, कारण पहिल्यात ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालते, तर दुसऱ्यात ते लिम्फोमाला हातभार लावील अशी धास्ती असते.

पुढे सीटी किंवा एमआर एन्टरोग्राफी, पेट स्कॅन, आणि जेजुनमपर्यंत पोहोचण्यासाठी कॅप्सूल किंवा बलून एन्टरोस्कोपी. आकुंचनाची शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्यावी, नाहीतर खरी कॅप्सूल आत अडकून तिच्यासाठीच शस्त्रक्रिया करावी लागते.

सरांशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. ज्याला काहीही त्रास नाही अशा प्रत्येकाची दुसरी बायोप्सी करावी की नाही, यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. पन्नाशीनंतर निदान झालेल्यांत मी ती करतो. तिशीतील ठणठणीत रुग्णाला मी आग्रह करत नाही, कारण त्या वयात हा लिम्फोमा अतिशय विरळ असतो.

आणि स्टेरॉइडविषयी, ताई. तीन आठवडे ताप उतरला तो क्षयाच्या औषधांनी की स्टेरॉइडने, हे सांगता येत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने काही काळ मान टाकतात. रुग्णाला बरे वाटते, निदान बरोबर असल्याचा सर्वांचा समज होतो, आणि त्या काळात बायोप्सी घेतली तर तिच्यातही काही सापडत नाही. पोटाचा क्षय बहुधा शेषांत्र आणि मोठे आतडे जुळते त्या भागात असतो. सिलिॲक असलेल्या साठीच्या माणसाचा व्रण जेजुनममध्ये असेल, तर ऊतकाचा पुरावा मिळाल्याशिवाय मी एकेटीला हात लावत नाही. हे नंतर बोलणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. आपल्या देशात क्षयाची शंका घेणाऱ्या डॉक्टरांचे दहापैकी बऱ्याच वेळा बरोबरही ठरते.

टाइनकाठची_परिचारिका (न्यूकॅसल)

मी मूळ सांगलीची, उत्तर इंग्लंडमध्ये रक्तविकार विभागात परिचारिका आहे. पुढच्या टप्प्याविषयी लिहिते, कारण तुम्हाला आता त्याचीच गरज पडेल.

या भागात आणि स्कॉटलंडमध्ये या रोगासाठी एक उपचारक्रम वापरला गेला: आयफोस्फामाइड, एपिरुबिसिन आणि इटोपोसाइड, त्यानंतर मेथोट्रेक्सेट, आणि शेवटी रुग्णाच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मार्गाने गेलेल्यांपैकी ६० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. जुन्या पद्धतीच्या केमोथेरपीत हेच प्रमाण २२ टक्के होते. आकडा आशादायक आहे, पण रुग्ण अवघे २६ होते आणि एवढी कडक औषधे सोसू शकतील असेच निवडलेले होते, हे विसरू नये. तुमच्या वडिलांच्या पेशी सीडी३० पॉझिटिव्ह आहेत, म्हणून ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधाचा उपयोग होईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. ते त्याच चिन्हकाला जाऊन चिकटते.

माझ्या अनुभवात मात्र औषधाच्या नावापेक्षा आधी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे कुपोषण. अल्ब्युमिन २.४ असलेल्या माणसाला पहिलेच आवर्तन झेपत नाही. आमच्याकडे आहारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत असतात आणि गरज पडली तर शिरेतून पोषण देतात. पहिल्या आवर्तनानंतरच्या दिवसांत पोट अचानक दुखू लागले तर मुळीच वाट पाहू नका. आतड्याच्या भिंतीतली गाठ वितळली की तिथेच पुन्हा छिद्र पडू शकते, आणि स्टेरॉइड चालू असेल तर पोट पहिल्यासारखे कडकही होत नाही. पाणथरी आक्रसलेली असेल तर न्यूमोकोकसची लस केव्हा द्यायची तेही ठरवून घ्या. रुग्णालयातल्या जेवणाचे मात्र तुम्हालाच पाहावे लागेल. सिलिॲकच्या रुग्णासमोर रव्याची खीर आलेली मी इथेही पाहिली आहे, सांगलीतही.

माळवकन्या (इंदूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जुने अहवाल काढून पाहिले. दोन वर्षांपूर्वीच्या एका रक्त-अहवालात 'हॉवेल-जॉली कण आढळले' अशी एक ओळ खरोखरच आहे. ती आम्हाला कोणी समजावून सांगितली नव्हती आणि आम्हीही विचारले नव्हते. बाबा आता शिरेतून पोषणावर आहेत, अल्ब्युमिन २.९ झाले आहे. दोन शंका उरल्या आहेत. एकेटी अजून चालू आहे, ती केमोथेरपीसोबत चालू ठेवतात का? आणि भावाने बाबांचे कळल्यापासून घाबरून पोळी खाणे बंद केले आहे, ते योग्य आहे ना?

पोटविकार_दिल्लीकर (दिल्ली)

भावाचे आधी सांगतो, कारण ते तातडीचे आहे: त्याला पुन्हा पोळी खायला सांगा. गहू बंद असताना टीटीजी आणि बायोप्सी दोन्ही खोट्या सामान्य येऊ शकतात. रोज गहू खात असतानाच टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासावे. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिल्या चाचणीला अर्थ उरत नाही. पहिल्या रक्ताच्या नात्यात सिलिॲकचे प्रमाण साधारण साडेसात टक्के असते, तेव्हा चाचणी करणे योग्यच आहे. वडिलांच्या लिम्फोमाचा धोका थेट भावाकडे येत नाही. त्याला सिलिॲक निघाला तरच तो विचार पुढे येतो.

एकेटी बंद करायची की नाही, हे बाबांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. काढलेल्या आतड्यातून क्षयाची जनुकचाचणी आणि कल्चर पाठवले होते का, आणि पाठवले असल्यास त्यांचे काय झाले, हे मात्र त्यांना आजच विचारा. एकेटीतील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते. त्यामुळे स्टेरॉइड आणि केमोथेरपीतील काही औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. ते चालू असल्याची नोंद रक्तविकारतज्ज्ञांच्या कागदावर ठळकपणे असली पाहिजे.

सूक्ष्मदर्शक (पुणे)

एक काम आपल्याकडून अजून व्हायचे आहे. उपचार दुसऱ्या केंद्रात होणार असतील तर स्लाइडसोबत पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) न्यावेत. नव्या चिन्हकांसाठी आणि टी-पेशींच्या जनुकीय तपासणीसाठी ब्लॉकच लागतात. शक्य असेल तर ११ वर्षांपूर्वीच्या ड्युओडेनमच्या बायोप्सीचा ब्लॉकही मागावा. शस्त्रक्रियेतल्या गाठीत टी-पेशींचा जो वंश सापडेल तोच त्या जुन्या तुकड्यात, किंवा गाठीच्या कडेच्या सपाट अस्तरात, आधीपासून होता का, हे पाहता येते. वडिलांचा रोग आधी रिफ्रॅक्टरी अवस्थेतून गेला की थेट उद्भवला, हे त्यावरून उमगेल. कडेच्या अस्तरात तो वंश सापडला तर उरलेल्या आतड्यावरही पुढे लक्ष ठेवावे लागेल, त्यामुळे ही चौकशी केवळ अभ्यासापुरती नाही. प्रयोगशाळा इतकी वर्षे ब्लॉक ठेवतातच असे नाही, पण विचारण्यात काही जात नाही.

माळवकन्या (इंदूर)

आईने बाबांच्या जुन्या फायलीतून मूळ अहवाल शोधून काढला, त्यावर बायोप्सीचा क्रमांक स्पष्ट आहे. प्रयोगशाळेत दूरध्वनी केला. त्या वर्षीचे ब्लॉक गोदामात आहेत, सोमवारी शोधून ठेवतो, असे ते म्हणाले. भावाने आज सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या.